पित्ताच्या खड्यांसाठी सीटी केला आणि ॲड्रिनलवर गाठ निघाली, मग दोन्ही एकदमच काढून टाकायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतची माहितीही. आधी तो थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या आईंचं वय ५४, पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे, मग सीटी केला तर डाव्या ॲड्रिनल ग्रंथीवर २.२ सेंटीमीटरची गाठ. बीपी आठ वर्षांपासून, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या चालू आणि तरीही बीपी १५०-१६० च्या खाली येत नाही, पोटॅशियम ३.१. सर्जन म्हणाले की पित्ताशय काढतोच आहोत तर त्याच भुलीत गाठही काढून टाकू, आणि घरचे डॉक्टर म्हणाले की अशा गाठी खूप जणांना असतात, सोडून द्या. आता कुणाचं ऐकायचं.

माझं उत्तर असं की आत्ता दोघांचंही ऐकू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पित्ताशयाच्या ऑपरेशनची जी तारीख घेतलीय ती पुढे ढकला. खडे काही आठवड्यात पळून जात नाहीत (ताप, कावीळ किंवा सतत तीव्र दुखणं सुरू झालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवा, पण दाखवताना ॲड्रिनलच्या गाठीचं आधी सांगा). या गाठीतून कुठलं हार्मोन जास्तीचं सुटतंय का हे कळेपर्यंत आईंना कुणी भूल देऊ नये, एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी माझं हे एवढं लिहिणं कामी आलं म्हणेन.

का म्हणतो ते सांगतो. ॲड्रिनल म्हणजे दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्याशा ग्रंथी, एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅमची. बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन निघतं जे मीठ-पाणी आणि पोटॅशियम सांभाळतं, कॉर्टिसॉल निघतं जे आपलं शरीरातलं स्टिरॉइड, आणि थोडे पुरुषी हार्मोन्स, आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन. एवढ्याशा जागेत इतकी कामं, म्हणून इथली गाठ ही नुसती गाठ म्हणून बघायचीच नसते. ती काम करते का, करत असेल तर कुठलं, आणि ती कॅन्सरची वाटते का, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय चाकूला हात लावायचा नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही.

घरचे डॉक्टर म्हणतात त्यात अर्ध सत्य आहे. पन्नाशीच्या आसपास शंभरातल्या तीनेक जणांच्या सीटीत अशी गाठ योगायोगाने सापडते आणि वय वाढेल तसं हे प्रमाण दहापर्यंत जातं. त्यातल्या बहुतेक साध्या, निरुपद्रवी, हार्मोन न सोडणाऱ्या असतात. पण "बहुतेक" मध्ये आपली आई बसते का हे तपासूनच ठरवायचं ना, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तर तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी आणि खाली आलेलं पोटॅशियम समोर ठेवलेलं आहे, ते सोडून कसं द्यायचं.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. सीटीची सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टकडे जा आणि विचारा की कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून सोडण्याआधीच्या साध्या फिल्ममध्ये या गाठीची घनता किती आहे, ती हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये फक्त "कॉन्ट्रास्ट घेणारी, स्पष्ट कडा असलेली गाठ" एवढंच लिहिलंय, आकडा नाही, आणि हे मी रोज बघतो. आकडा १० किंवा त्याच्या खाली आणि गाठ सगळीकडे एकसारखी असेल तर ती चरबीयुक्त साधी गाठ, कॅन्सरची भीती मनातून काढून टाका, ॲड्रिनलिनची गाठही जवळजवळ नाहीच. २० च्या वर असेल, वेडीवाकडी असेल, चार सेंटीमीटरहून मोठी असेल तर मात्र कान टवकारायचे. साधी फिल्म घेतलीच नसेल तर तेवढीच परत करून घ्या, कॉन्ट्रास्ट नको, पाच मिनिटांचं काम आहे.

आता हार्मोन्सच्या तपासण्या. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण चुकीच्या पद्धतीने रक्त दिल्यामुळे किती जण उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात याचा हिशोब नाही.

ॲड्रिनलिनच्या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. अचानक डोकं ठणकणं, छातीत धडधड, दरदरून घाम, चेहरा पांढराफटक, असे झटके येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं, बरेचदा लोक याला घाबरटपणा किंवा पाळी जाण्याच्या वयाचा त्रास समजतात. काहींना काहीच होत नाही. आईंना नीट विचारा. गाठीची घनता १० च्या वर निघाली किंवा आकडा मिळालाच नाही तर रक्तातले मेटॅनेफ्रिन (ॲड्रिनलिन मोडून तयार होणारी द्रव्यं) किंवा २४ तासांच्या लघवीतले मेटॅनेफ्रिन करायचेच. रक्ताचं करताना उपाशीपोटी, चहा-कॉफी न घेता जायचं, आणि लॅबमध्ये वीस-तीस मिनिटं शांत झोपवून मग रक्त काढायला सांगा. खुर्चीत बसवून धावतपळत काढलं की आकडा थोडा वर येतो आणि घरात रडारड सुरू होते. खऱ्या गाठीत आकडा बहुधा तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त असतो, किंचित वर असेल तर आधी नीट परत करा. डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलला मदतीला जायचो, तिथे चाळिशीतल्या एका बाईंचं अगदी साधं ऑपरेशन होतं, बीपी नॉर्मल, सगळे रिपोर्ट नॉर्मल. भुलीची नळी घातली आणि मॉनिटरवर १४०, १९०, २६० असे आकडे चढत गेले, नाडी १६० वर. भूलतज्ज्ञ अनुभवी होते, त्यांनी तिथेच सगळं थांबवलं, औषधांनी सांभाळलं, बाई वाचल्या. नंतर सीटी केला तर उजव्या ॲड्रिनलवर पाच सेंटीमीटरची गाठ. जुनी सोनोग्राफी काढून बघितली तर त्यात गाठीचा उल्लेख होता, एक ओळ, कुणी वाचली नव्हती. तो चढणारा आकडा मला अजून दिसतो आणि म्हणूनच ऑपरेशनची तारीख पुढे ढकला असं मी सुरुवातीलाच लिहिलं.

दुसरी तपासणी कॉर्टिसॉलची, ही प्रत्येक गाठीला करायची, लक्षणं असोत नसोत. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची (शरीरातलं कॉर्टिसॉल दाबणारं स्टिरॉइड) १ मिलिग्रॅम (अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मिळत असेल तर दोन) घ्यायची आणि सकाळी ८ ते ९ मध्ये कॉर्टिसॉलचं रक्त द्यायचं. डेसिलीटरला १.८ मायक्रोग्रॅम किंवा खाली आलं तर छान. वर राहिलं तर गाठ आपल्या मनाने कॉर्टिसॉल बनवतेय असा संशय. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन लवकर निचरतं आणि रिपोर्ट खोटा वर येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनीही तसंच होतं. पूर्ण कुशिंग (कॉर्टिसॉल फार वाढल्याचा आजार) असेल तर चेहरा गोल, पोटावर जांभळे चट्टे, कातडी पातळ, जरा लागलं की काळंनिळं, आणि मांडीचे स्नायू इतके कमजोर की खाली मांडी घालून बसलं तर उठताना हात टेकावा लागतो. मी पेशंटला चप्पल घालायच्या छोट्या स्टुलावरून हात न लावता उठायला सांगतो, मला त्यातून बरंच कळतं.

आणि एक गोष्ट नक्की विचारा, आईंच्या गुडघ्यांसाठी कुठून तरी बिननावाच्या पुड्या आणल्या होत्या का, किंवा चेहरा उजळायला एखादं क्रीम वर्षानुवर्षं लावतायत का. आपल्याकडे गोल चेहऱ्याचं सगळ्यात मोठं कारण ॲड्रिनलची गाठ नाहीच, बाहेरून पोटात किंवा कातडीतून गेलेलं स्टिरॉइड आहे. अशा माणसाच्या स्वतःच्या दोन्ही ग्रंथी झोपलेल्या असतात, त्याला ऑपरेशनच्या वेळी स्टिरॉइडचा आधार दिला नाही तर बीपी कोसळतं. आणि पुड्या मनाने एकदम बंद करू नका हेही तितकंच महत्त्वाचं.

तिसरी तपासणी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीतून निघणारं, ॲड्रिनलला अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारं द्रव्य), आणि खरं सांगू, माझा संशय इथेच आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी ३४ वर्षांच्या एका बाईंचं वर्णन केलं, अशक्तपणा, वाढलेलं बीपी आणि घसरलेलं पोटॅशियम, ॲड्रिनलची गाठ काढली आणि त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून याला कॉन सिंड्रोम म्हणतात. बरीच वर्षं हा आजार दुर्मिळ समजला गेला, तो तसा नाही. साध्या बीपीच्या पेशंटमध्ये शंभरात पाच ते दहा आणि तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत वीसपर्यंत सापडतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने तर बीपी असलेल्या सगळ्यांचीच ही तपासणी करावी असं सुचवलंय. आपल्याकडे पोटॅशियम कमी आलं की "लघवीच्या गोळीमुळे असेल" म्हणून पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं जातं आणि विषय संपतो, तुमच्या आईंचंही तेच झालेलं दिसतंय.

तपासणी सकाळी, उठून दोनेक तास हिंडून-फिरून झाल्यावर, मग पाच-दहा मिनिटं बसवून. आधी पोटॅशियम भरून काढायचं कारण ते कमी असेल तर अल्डोस्टेरॉनही खोटं कमी येतं. त्या आठवड्यात मीठ तोडू नका. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर साधारण चार आठवडे बंद ठेवावं लागतं, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. आता गंमत बघा, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ह्या दोन्ही गोळ्या रेनिन वाढवतात. ह्या दोन्ही चालू असताना जर आईंचं रेनिन तळाला गेलेलं निघालं आणि अल्डोस्टेरॉन चढलेलं, तर तो पुरावा अजूनच भक्कम. म्हणून बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद करून या असं कुणी सांगितलं तर घाईने बंद करू नका, त्याने आकडा सुंदर येईल पण आईंना पक्षाघात झाला तर काय उपयोग.

इथे अजून एक अडचण आहे जी नीट समजून घ्या. सीटीत गाठ डावीकडे दिसते म्हणून जास्तीचं अल्डोस्टेरॉन डावीकडूनच येतंय असं होत नाही. कधी दोन्ही ग्रंथी मिळून जास्त बनवत असतात आणि दिसणारी गाठ बिचारी निरपराध असते, ती काढली तर बीपी जिथल्या तिथे. म्हणून ३५ च्या वरच्या पेशंटला ऑपरेशनआधी दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांमधून थेट रक्त घेऊन तुलना करतात, मांडीतून नळी घालून, अँजिओग्राफीसारखं. उजवी शीर आखूड आणि थेट मोठ्या नीलेत उघडते, ती सापडणं हेच कौशल्य, त्यामुळे जिथे हे नियमित करतात तिथेच करा. आधी कॉर्टिसॉलची तपासणी झालेली असावी, कारण गाठ दोन्ही हार्मोन बनवत असेल तर या तुलनेचा अर्थ चुकीचा लागू शकतो. दोन्हीकडून येत असेल तर ऑपरेशन नाहीच, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनवर उत्तम चालतं. आणि शिरांची ही तपासणी करायची नसेल, ऑपरेशनच नको असेल, तरीही या गोळ्यांनी उपचार होतो, त्यामुळे दार बंद झालं असं कधीच समजू नका.

सुई घालून तुकडा काढून बघू या असं कुणी म्हणालं तर थांबवा. ॲड्रिनलिनच्या गाठीला सुई टोचली तर जिवावर बेतू शकतं, आणि साधी गाठ की ॲड्रिनलचा कॅन्सर हे सुईतून नीट सांगता येत नाही, वर कॅन्सर असेल तर वेष्टन फुटून पेशी सांडतात. सुईची जागा वेगळी. दुसरीकडच्या कॅन्सरचा प्रसार असल्याची शंका, किंवा दोन्ही ॲड्रिनल सुजलेल्या, पेशंट खंगलेला, अंग काळवंडलेलं, बीपी कमी, उलट्या. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून दोन्ही ॲड्रिनल निकामी होण्याचा हा आजार मांडला तेव्हा त्याचं मोठं कारण टीबी होतं, आणि आपल्या देशात आजही टीबी आणि हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी दोन्ही डोक्यात ठेवावी लागतात. तिथे मेटॅनेफ्रिन नॉर्मल बघून सुई घालायची, कारण औषधांनी बरा होणारा माणूस ऑपरेशन टेबलवर जायला नको.

समजा तपासण्यांनंतर ऑपरेशन ठरलंच, तर आता ते कसं होतं. १९९२ मध्ये मिशेल गॅनिए यांनी दुर्बिणीतून ॲड्रिनल काढल्याचं प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून साध्या गाठींसाठी हीच पद्धत रूढ झाली. पेशंटला कुशीवर झोपवतो, गाठ असलेली बाजू वर, बरगडीखाली तीन-चार छोटी छिद्रं. डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट सोडवलं की ते आपल्याच वजनाने पुस्तकाचं पान उलटावं तसं पुढे कलंडतं आणि मागे फिकट चरबीत हळदीच्या रंगाची ग्रंथी दिसते, तो पिवळा रंग एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. तिला चिमट्याने थेट धरायचं नाही, पिकलेल्या चिकूसारखी फाटते आणि रक्त वाहायला लागतं, बाजूच्या चरबीला धरून हलवायचं. डावी शीर लांब, खाली किडनीच्या शिरेला मिळते, क्लिप लावायला जागा मिळते. उजवीकडे यकृत उचलून धरायचं आणि शरीरातली सगळ्यात मोठी निळी नीला समोर असते, तिच्या मागच्या बाजूला सेंटीमीटरभरही नसलेली शीर, तिथे घाईला जागा नाही. पाठीतून जायचीही एक पद्धत आहे, जर्मनीतल्या एसेनच्या मार्टिन वाल्झ यांनी ती नावारूपाला आणली, पोटात आधी बरीच ऑपरेशन्स झाली असतील किंवा दोन्ही बाजू काढायच्या असतील तेव्हा ती सोयीची.

फिओची, म्हणजे फिओक्रोमोसायटोमाची, तयारी वेगळीच असते. पहिल्यांदा प्राझोसिनसारखं अल्फा ब्लॉकर किंवा फिनॉक्सिबेन्झामिन, हळूहळू वाढवत साधारण दहा ते चौदा दिवस, सोबत भरपूर पाणी आणि मीठ. बीपीच्या पेशंटला मीठ खा म्हटलं की घरचे चकित होतात, पण आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडताना आत पाणी भरायला हवं. नाक चोंदलं, उभं राहिल्यावर जरा गरगरलं की औषध लागू पडतंय असं समजतो. नाडी जोरात असेल तर बीटा ब्लॉकर, पण अल्फा नीट बसल्यावरच, आधी दिलं तर बीपी अजून उसळतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड या पेशंटला देऊ नये. ऑपरेशनमध्ये शिरेला क्लिप लावायच्या आधी मी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगतो, कारण तोपर्यंत वर असलेलं बीपी त्यानंतर झरझर खाली येतं आणि त्यांची सलाईन, औषधं तयार हवीत. नंतर चोवीस तास बीपी आणि साखर दोन्हीवर नजर, साखर एकदम कमी होऊ शकते. आणि या गाठीच्या प्रत्येक पेशंटला जनुकीय तपासणी सुचवायची, तीनात एकाच्या आसपास दोष घराण्यात आलेला असतो, मग भाऊ-बहीण आणि मुलांचीही तपासणी करता येते.

कॉर्टिसॉलच्या गाठीत उलटी काळजी, गाठ काढल्यावर दुसरी ग्रंथी इतके दिवस झोपलेली असते, तिला जाग यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. तोपर्यंत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, ताप-जुलाब झाले तर डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि पाकिटात तसं लिहिलेलं कार्ड. पेशंट बरा होतोय पण अंग दुखतं, मन लागत नाही, हे महिनाभर ऐकावं लागतं, घरच्यांनी हे आधी ऐकून ठेवलं तर बरं. कॅन्सरचा संशय असेल, विशेषतः आजूबाजूला पसरलेला, तर दुर्बिणीचा हट्ट सोडून पोट उघडायचं, कारण वेष्टन न फोडता गाठ पूर्ण काढण्याची पहिली संधी हीच खरी संधी. हा आजार फार दुर्मिळ, दहा लाखांत वर्षाला एक-दोन, पण मग तो अशा पेशंट बघणाऱ्या सेंटरलाच पाठवावा.

कॉनच्या गाठीत ऑपरेशन तसं सरळ जातं, दोन-तीन दिवसांत घरी. दुसऱ्या दिवसापासून पोटॅशियमचं सिरप आणि स्पायरोनोलॅक्टोन बंद, पोटॅशियम नॉर्मल होणं जवळजवळ ठरलेलं. बीपीचं मात्र खरं सांगतो म्हणजे नंतर निराशा नको, सगळ्या गोळ्या पूर्ण सुटतात अशा पेशंटचं प्रमाण तीनात एकाच्या आसपास, बाकी बहुतेकांच्या कमी होतात. बाई असणं, वय कमी, बीपीची वर्षं थोडी, गोळ्या कमी, हे चांगल्या निकालाच्या बाजूने. आईंना आठ वर्षं झालीत, तीन गोळ्या आहेत, म्हणून मी एक गोळी राहील असं धरून चालेन. त्यानंतरचे काही आठवडे पोटॅशियम उलट वाढू शकतं, म्हणून आठवड्याने एकदा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचं.

तपासण्या व्यवस्थित झाल्या, शिरांच्या तपासणीत डावीच बाजू निघाली, तर मग पित्ताशय आणि ॲड्रिनल एका भुलीत काढायला माझी ना नाही, जागा वेगळी असल्याने पेशंटची पोझिशन मध्ये बदलावी लागते एवढंच, आणि करणारा ॲड्रिनलची ऑपरेशन्स नियमित करणारा हवा. वर्षाला किती करता असं सरळ विचारा, चांगला सर्जन त्याचा राग मानत नाही. मुंबईला केईएमला एंडोक्रायनॉलॉजीचा जुना विभाग आहे, वेल्लोरला सीएमसीत आणि लखनौला एसजीपीजीआयमध्ये एंडोक्राइन सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत. ऑपरेशन घराजवळ केलंत तरी सल्ला आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टचा घ्या, सर्जनचा त्याच्यानंतर.

उद्या एवढं करा. सीडी शोधा, आईंच्या गेल्या आठ वर्षांतले पोटॅशियमचे जितके रिपोर्ट सापडतील ते तारखेप्रमाणे लावा, चालू गोळ्यांची यादी डोससकट लिहा, पुड्या-क्रीमचं विचारा, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून वहीत लिहा. घनतेचा आकडा आणि हार्मोन्सचे रिपोर्ट आले की इथेच टाका, मी बघून सांगतो.